माप जुळलं, बस

शालिकराम शिंप्याला वाचता येत नव्हतं.
अकोल्याच्या साळ्यानं रद्दीतून पाठवलेलं
कॉमिक्सचं पोतं त्यानं दुकानात ओतलं
आणि सुटी पानं जुळवली कागदाच्या उंचीवरून,
जशा बाह्या जुळवतात.
मग पायमशीन. ब्लाउजांचा उरलेला गुलाबी दोरा.
भाडं दहा पैसे, वाचायचं तिथंच,
काज-बटणांच्या डब्याला टेकून.

म्हणून आमच्या सावळीत
पोलादपंख कधीच लढला नाही कर्नल पाऱ्याशी,
जो त्याचा होता, छापून आलेला, हक्काचा.
तो लढला हिमासुराशी.
डाव्या पानावर पोलादपंखाचा ठोसा, धडाम्!
उजव्या पानावर बर्फाच्या कड्यावरून कोसळताना
हिमासुर ओरडतो, ‘दर्यावीरा, मी परत येईन!’
आणि दर्यावीर?
तो तिसऱ्याच पुस्तकात, समुद्राच्या तळाशी,
कर्नल पाऱ्यासमोर उभा,
ओळख नसलेल्या पाहुण्यासारखा.

समुद्र आम्ही पाहिला नव्हता. बर्फ पाहिला होता,
लग्नात, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला.
शेहेचाळीस डिग्रीत टिनाखाली बसून
आम्ही थंडीनं गारठून मरणारी शहरं वाचली
आणि आमचं काही अडलं नाही.
सहदेव इंगोले एकदाच अडला, बोट शिवणीवर ठेवून:
‘पण यानं याचं बिघडवलं काय व्हतं?’
शालिकराम सुईत दोरा ओवत होता.
‘माप जुळलं, बस.’

त्या वर्षी तुरीच्या शेंगा भरत असताना
आमच्या दोघांच्या धुऱ्यावरची बाभूळ
रातोरात कोणी तोडली.
बाभूळ आजोबांच्या आधीची,
भांडण बाभळीच्याही आधीचं.
मला कोणी नीट सांगितलं नाही.
त्यालाही नसावं.
शाळेमागच्या नाल्यात डावीकडून माझी मूठ गेली,
उजवीकडे तो पडला,
समोरचा दात अर्धा.
धडाम् वगैरे काही झालं नाही.
बेडूक ओरडत होते, ते गप्प झाले.

मागच्या दिवाळीत अमरावतीच्या फुटपाथवर
मला हिमासुर सापडला,
अख्खा, मुखपृष्ठासकट,
त्याच्या स्वतःच्या दर्यावीराबरोबर.
उभ्याउभ्याच वाचला.
चित्रं वाईट होती, समुद्र म्हणजे सांडलेली नीळ.
पण दर्यावीराला माहीत होतं
की हा घंटीला भितो:
लहानपणी वादळात हरवलेली मेंढी,
तिच्या गळ्यातली घंटी, पान सात.
तो ती एकदाच वाजवतो.
मग थांबतो.
आपला स्वतःचा वैरी असला
की कुठं दुखतं ते ठाऊक असतं,
हात आपोआप जपून चालतो.
पोलादपंख बिचारा उसना माणूस,
तो सगळीकडेच मारत सुटलेला.

काल बाजारात, बियाण्याच्या रांगेत
सहदेव माझ्या पुढं. मान अर्धी वळवून,
जसं मधे काही झालंच नाही,
किंवा जसं मधली पानं फाटलीत:
‘हिमासुर मरते कायनं बे?’
इतक्या वर्षांत हे पहिलं वाक्य.
‘मरत नाई. घंटी वाजली का पयते.’
‘घंटी?’
‘मेंढीची.’
तो बराच वेळ विचार करत राहिला.
‘मंग पोलादपंखाले कोणी सांगतलं कायले नाई?’

उत्तर माझ्याकडं नव्हतं.
तेवढ्यात टिनाच्या पेटीवाला आइसकांडीवाला
घंटी हलवत रांगेजवळून गेला,
आणि आम्ही दोघंही, चाळिशी उलटलेली माणसं,
थोडे दचकलो.
तो हसला तेव्हा अर्धा दात दिसला.
मी खाली पाहिलं, त्याच्या चपलेकडं.
अंगठा तुटला होता,
तो शिवलेला होता गुलाबी दोऱ्यानं.

कोर्टाची तारीख चौदाला आहे.
दोन्ही वकील दारव्ह्याहून
एकाच एसटीनं येतात.